सहा सेकंदांची टेप

चार दिवस आभाळ उघडलं नव्हतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता, पण दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, बरणीतलं मीठ पाझरत होतं आणि वहिनींच्या खोलीत प्लास्टरचे साचे सुकायला दुप्पट वेळ घेत होते.

वहिनी कवळ्या बनवायच्या. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, एक टेबल, मेण वितळवायची भांडी, घासायचं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, वहिनी त्यातून दात उभे करायच्या. सव्वीस वर्षं हेच काम. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, असं त्या म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

‘वहिनी’ हे नाव नवऱ्याच्या मित्रांनी पाडलेलं. नवरा विजेचे मीटर तपासायच्या नोकरीत होता, पण जीव सगळा आभाळात. दुर्बीण खांद्यावर टाकून रात्री-अपरात्री बाहेर पडणाऱ्या आठ-नऊ जणांचा त्यांचा गट होता. त्यांचे म्होरके मास्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात येणारा प्रत्येक जण वहिनी, चहा, वहिनी, टॉर्च, वहिनी, याला समजावा, असं करत राहायचा. नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले होते. नाव मात्र राहिलं होतं.

त्या मंगळवारी रात्री आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी आभाळात एक छोटीशी गोष्ट घडणार होती. कुणाला न दिसता अंधारात फिरणारा एक दगड, एखाद्या जिल्ह्याएवढा, एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार होता. तेवढा वेळ तारा विझणार आणि पुन्हा पेटणार. सहा-सात सेकंदांचा खेळ. गटातल्या नऊ जणांनी दहा-दहा किलोमीटरवर बसून, आपल्या जागेवरून तारा किती वेळ विझला ते मोजायचं. नऊ आकडे एकाखाली एक मांडले की दगडाचा आकार कळतो.

“म्हणजे एकेक दात मोजून जबडा ओळखायचा,” वहिनी म्हणाल्या होत्या, आणि मास्तरांनी खूश होऊन मांडीवर थाप मारली होती.

ही तारीख नवऱ्याने दोन वर्षांपूर्वीच वहीत लिहून ठेवली होती. स्वतःची जागाही त्यानेच निवडलेली, सहावी. कालव्याकाठच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची गच्ची. आसपास दिवे नाहीत, वस्ती नाही. मास्तर म्हणाले होते, “सहावी जागा रिकामी सोडू या, वहिनी. आठ आकड्यांतही भागेल.”

“दात पडला म्हणून फट ठेवतात का मास्तर? दुसरा बसवतात.”

मग मास्तरांनी आभाळ स्वच्छ होतं तेव्हा तीन आठवडे वहिनींना शिकवलं. तीन ताऱ्यांचा त्रिकोण शोधायचा, त्याच्या खालच्या टोकापासून दोन बोटं डावीकडे सरकायचं, तिथे तो पिवळसर तारा. शेजारी टेपरेकॉर्डर सुरू ठेवायचा, आणि नवऱ्याने बनवलेला टिकटिक डबा. डबा अचूक घड्याळावर चालायचा आणि दर सेकंदाला ‘टिक्’ करायचा. तारा विझला की ‘गेला’ म्हणायचं, दिसला की ‘आला’. मग घरी बसून मधले टिक् मोजायचे. मास्तरांकडे याहून नवी यंत्रं होती, पण वहिनींना नवऱ्याचाच डबा हवा होता.

मंगळवारी संध्याकाळी ठकी गाडी घेऊन दारात आली.

ठकी म्हणजे वहिनींची नणंद, शेहेचाळीस वर्षांची. भावाने लहानपणी ठेवलेलं नाव आता शाळेच्या बसच्या दोन पाळ्या चालवणाऱ्या, अंगाने दणकट बाईला शोभत नव्हतं, पण दुसऱ्या कुठल्या नावाने तिला हाक मारलेली वहिनींनी ऐकली नव्हती. भाऊ जाण्याआधी वर्षभर बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. ठकीने स्वतःच्या नवऱ्याचं घर सोडलं, भाऊ म्हणाला परत जा, आणि ठकी म्हणाली, आजपासून मला भाऊ नाही. पुढे तो आजारी पडला. ती मोठ्या दवाखान्यात त्याला बघायला आली ती शेवटच्या दिवशी, आणि तेव्हा तो कुणालाच ओळखत नव्हता. त्या गोष्टीवर वहिनी आणि ठकी कधी बोलल्या नव्हत्या. ठकी येऊन गॅसची टाकी बदलून द्यायची, वहिनी तिच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायच्या. असं चाललं होतं.

“या असल्या आभाळात काय दिसणार आहे तुला?” ठकी काच पुसत म्हणाली. “माझ्या पुढचा रस्ता मला दिसत नाहीये.”

“नाही दिसलं तर ‘ढग’ असं लिहायचं. ती पण नोंदच असते.”

“धन्य आहे. ढग मोजायला दुर्बीण घेऊन निघालोय आपण.”

कारखान्याच्या फाटकाची किल्ली मालकाने दिली होती. आत पाऊल टाकलं की गंज, ओला चुना आणि कशाचा तरी आंबूस वास. अकरा वर्षं तिथे बर्फ झाला नव्हता, तरी जिन्यात गारठा असा, की दोघींनी एकदमच पदर आणि ओढणी घट्ट ओढून घेतली. जिना अरुंद, लोखंडी कठड्याचा. दुर्बीण, तिपाई, स्टूल, छत्री, थर्मास असं सगळं वर न्यायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ठकी धापा टाकत म्हणाली, “दादाला बरोबर सापडतात असल्या जागा,” आणि मग एकदम गप्प झाली. कारण तिने ‘सापडतात’ म्हटलं होतं, ‘सापडायच्या’ नाही.

गच्चीवर भुरभुर चालूच होती. वर बघितलं तर आभाळ नव्हतंच, नुसती राखाडी ओली चादर. आठ वाजल्यापासून मास्तरांचे फोन सुरू झाले. पहिली जागा, ढग. दुसरी, ढग. चौथीवाल्याच्या दुर्बिणीत पाणी गेलं, तो घरी निघाला. सातवी, आठवी, नववी, सगळीकडे ढग.

“तुमच्याकडे काय?”

“ढग,” वहिनी म्हणाल्या.

“आठ पंचेचाळीसपर्यंत थांबा आणि उतरा. जिन्यात जपून.”

आठ तेहेतीसला वहिनींनी नवी कॅसेट घातली आणि शिस्तीप्रमाणे टेप सुरू केला. डबा टिक् टिक् करत होता. ठकी दहा पावलांवर कठड्याशी छत्री धरून उभी होती. आणि आठ चाळीसला भुरभुर थांबली. थांबली म्हणजे गच्चीवर थांबली. कालव्याच्या पाण्यावर ती पडताना ऐकू येत होती.

“वहिनी,” ठकी हळूच म्हणाली. “वर बघ.”

डोक्यावर बरोबर एक भोक पडलं होतं. ढग फाटले की कडा विस्कटलेल्या असतात. याच्या कडा मात्र सरळ होत्या, विहिरीच्या कठड्यासारख्या. आत काळंभोर आभाळ आणि त्यात त्रिकोणाचे तीन तारे. वहिनींनी डोळा लावला, दोन बोटं डावीकडे सरकल्या, आणि तो पिवळसर तारा समोर येऊन थांबला.

वहिनींनी श्वास रोखून धरला.

तारा विझला. हळूहळू मंद होऊन नव्हे. फुंकर घालावी तसा.

“गेला!”

पुढचं त्यांना नंतर कितीही आठवून आठवलं नाही. अंधार होता, एवढं आठवत होतं. लांबलचक अंधार, आणि डाव्या कानाशी ऊब, कुणी जवळ वाकून उभं राहिल्यासारखी. भीती वाटली नव्हती, याची मात्र त्यांना खात्री होती. मग तारा पेटला.

“आला!”

त्याच क्षणी ढग मिटले आणि भुरभुर पुन्हा गच्चीवर आली. वहिनी उभ्या राहायला गेल्या तर गुडघे धरले होते, आणि घसा असा कोरडा पडला होता, जसा तासभर कुणाशी बोलल्यावर पडतो.

“दिसलं?” ठकी धावत आली. “खरंच दिसलं तुला?”

वहिनींनी मान हलवली. काही बोलणार इतक्यात टेपरेकॉर्डरचं बटण ‘खट्’ करून आपोआप वर आलं. टेप संपली होती.

ठकीने टॉर्च मारला. “अर्ध्या तासाची बाजू ना ही? आपण लावून दहा-बारा मिनिटं नाही झाली.”

“गुंतली असेल.”

पण गुंतली नव्हती. सगळी टेप उजवीकडच्या चाकावर नीट गुंडाळलेली होती. ठकीच्या घड्याळात आठ त्रेचाळीस झाले होते, डब्यावरही तेवढेच. वहिनींच्या मनगटावरच्या घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटं.

“मी किती वेळ वाकलेली होते ग?”

“किती म्हणजे? गेला म्हणालीस, आला म्हणालीस. मध्ये मला शिंक आली होती, ती पण पुरी झाली नाही.”

परत येताना गाडीत मास्तरांचा फोन आला, तारा दिसला हे ऐकून आनंदाने त्यांचा आवाज चिरकला. नऊ जागांपैकी एका जागी आभाळ उघडलं, आणि ती सहावी! उद्या सकाळी येतो टेप ऐकायला, म्हणाले.

वहिनींच्या स्वयंपाकघरात चहा ठेवून ठकीनेच टेप मागे फिरवली. “आत्ताच ऐकू. उद्यापर्यंत कोण थांबणार?”

आधी नऊएक मिनिटं टिक् टिक्, थर्मासचं झाकण, ठकीचं ‘वर बघ’. मग वहिनींचा आवाज. “गेला!”

टिक्. टिक्. टिक्.

आणि मग टिक् नाही. डबा बंद पडल्यासारखी शांतता. शांतता तरी कसली. खाली खोल कुठेतरी एक मोठं यंत्र धडधडत होतं, लयीत. त्यावर वहिनींचा आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

“अहो?”

ठकीचा हात कपावर तसाच राहिला. वहिनींनी चौदा महिन्यांत हा शब्द उच्चारला नव्हता. उच्चारणार कुणासाठी?

थोडी जागा रिकामी गेली, समोरचा बोलायला जेवढा वेळ घेतो तेवढी. मग पुन्हा वहिनी.

“नाही, जागीच आहे.”

रिकामी जागा.

“जेवले. पोटभर जेवले.” आणि मग, “हो, तुमचीच दुर्बीण. काच मी पुसून घेतली. हलक्या हाताने, तुम्ही सांगायचात तशी.” मग हसणं. हे हसणं वहिनींना स्वतःचं वाटेना. फार मागच्या वर्षांमधलं होतं ते.

“इथेच आहे. कठड्यापाशी उभी आहे. बोलावू?”

ही रिकामी जागा फार लांबली. धडधड तेवढी चालू.

“बरं. नाही बोलावत.”

ठकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टेप चालूच राहिली. बरीचशी उत्तरं साधीच होती, घरातली. नळ दुरुस्त झाला. डॉक्टर बरे आहेत. गुडघा दुखतो, पण चालतं. नवरा प्रवासाहून आल्यावर बायको सांगते तसलं सगळं. शेवटच्या काही मिनिटांत मात्र आवाज खाली आला.

“इतके जण?”

रिकामी जागा.

“मग तुम्ही कुठे उभे आहात? … नाही हो, मला दिसत नाही. नुसतं ऐकू येतंय.”

रिकामी जागा.

“आत्ता नको. … नाही, खरंच नको. कामं पडली आहेत माझी. … रागावू नका ना.”

मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसती धडधड. आणि मग वहिनी, लहान मूल धडा ऐकतं तशा, अधूनमधून हं, हं करत. शेवटी म्हणाल्या, “हो. सांगते. उद्याच सांगते तिला. शब्दन् शब्द सांगते. … जा आता.”

टिक्. टिक्. टिक्. “आला!”

ठकीने टेप बंद केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

“काय सांगायचं होतं मला?”

“ठके, मला आठवत नाही.”

“शब्दन् शब्द म्हणालीस.”

“माझाच आवाज आहे, मान्य. पण मी बोलल्याचंच मला आठवत नाही, तर ऐकलेलं कुठून आठवणार?”

ठकी गाडीची किल्ली उचलून निघून गेली. चहा दोघींचाही तसाच राहिला.

सकाळी मास्तर आले. वहिनींनी काही न सांगता टेप लावली. मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसले, तीन टिक् मोजले, आणि मग पेन्सिल खाली ठेवून सगळं ऐकलं, एकोणीस मिनिटं. त्यांनी उलटसुलट करून डबा तपासला, टेपरेकॉर्डर तपासला, कॅसेट उजेडात धरली.

“मागे कसलं यंत्र चालू आहे?”

“तुम्हीच सांगा. कारखाना अकरा वर्षं बंद आहे.”

मास्तरांनी पुन्हा टिक् मोजले आणि वहीत आकडा लिहिला, सहा पूर्णांक दोन सेकंद. “डबा एवढंच म्हणतो,” ते म्हणाले. “मी एवढंच लिहिणार. बाकीचं लिहायला माझ्या वहीत रकाना नाही.” चप्पल घालताना ते दारात घुटमळले. त्यांची आणि वहिनींच्या नवऱ्याची तीस वर्षांची दोस्ती होती. “वहिनी, त्याने … माझं काही विचारलं का हो?”

वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. मास्तर उगीचच हसले आणि गेले.

पुढचे नऊ दिवस ठकी रोज येत राहिली. दुसऱ्या पाळीची मुलं सोडली की रिकामी बस दवाखान्यामागच्या गल्लीत उभी करायची आणि खोलीच्या दारात येऊन विचारायची, “आठवलं?” पहिल्या दिवशी वहिनी ठसा भरत होत्या, दुसऱ्या दिवशी मेण कोरत होत्या. उत्तर एकच. सहाव्या दिवसापर्यंत ठकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. नवव्या दिवशी ती स्टुलावर बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “खोटं सांगितलंस तरी चालेल. त्याने माफ केलं म्हण. मी ओळखणार नाही, विचारणार नाही. एकदा म्हण फक्त.”

वहिनींच्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. त्यांनी तो खाली ठेवला. खोटं सांगणं सोपं होतं. पण त्यांच्याकडे एक खरं होतं, चौदा महिने पोटात ठेवलेलं, आणि ते सांगणं जिवावर आलं होतं.

“टेपवरचं मला खरंच माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण दुसरं एक सांगते. हे दवाखान्यात होते अठ्ठावन्न दिवस. शेवटचा दिवस सोडला तर रोज संध्याकाळी, दिवे लागले की मला विचारायचे, ठकी आली होती का?”

ठकीने वर बघितलं.

“रोज?”

“रोज.”

“आणि तू काय सांगायचीस?”

“आली नाही म्हणायचे.”

“मला का नाही कळवलंस?”

हाच प्रश्न येणार हे वहिनींना माहीत होतं. उत्तरही तयार होतं, फक्त ते फार लाजिरवाणं होतं. “राग आला होता तुझा. एवढा भाऊ पडलाय आणि हिला सुचत नाही, असं वाटायचं. म्हटलं, हिला यायचं तर हिच्या पायांनी येऊ दे, मी नाही आमंत्रण देणार. रोज वाटायचं, उद्या फोन करू. मग ते गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

ठकी उठून उभी राहिली. ओरडली असती तर वहिनींना बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली.

“एक फोन, वहिनी. मी पळत आले असते. मला वाटलं होतं त्याला माझं तोंड बघायचं नाही. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत तीनदा येऊन परत गेले होते.”

वहिनींनी घरून आणून टेबलावर ठेवलेली कॅसेट तिने उचलली, ओढणीत गुंडाळली आणि निघून गेली. वहिनींनी अडवलं नाही.

महिना गेला. बस रोज गल्लीच्या तोंडावरून जायची. पूर्वी ठकी तिथे दोनदा हॉर्न वाजवायची, आता वाजवत नव्हती. आवाजावरून वहिनींना कळायचं, गेली. त्यांची कामात चूक होऊ लागली. एका कवळीत खालचे दात वर बसवले, डॉक्टरांनी हसून परत पाठवली, पण वहिनींना हसू आलं नाही. रात्री त्या टेपवरचं आपलंच बोलणं आठवून पाहायच्या, आणि दर वेळी ‘इतके जण?’पाशी आल्या की उठून दिवा लावायच्या.

मग एका रविवारी दुपारी ठकी घरी आली. बस नव्हती, चालत आली होती. तिने कॅसेट टेबलावर ठेवली आणि न सांगता पाणी घेऊन प्यायली.

“महिनाभर रोज ऐकली,” ती म्हणाली. “तो बोलतो त्या जागांना कान लावून ऐकली. काही नाही. मग काल त्या गच्चीवर घेऊन गेले. मालकाकडून किल्ली आणली, टेपरेकॉर्डर नेला, वर बसून लावली.”

वहिनी पुढे वाकल्या. “एकटी?”

“कुणाला नेणार होते? उजेड होता अजून. म्हटलं, इथे तरी येईल ऐकू.”

“आलं?”

“नाही. टेप संपली. बसून राहिले थोडा वेळ, अंधार पडायला लागला तशी उठले.” ठकीने रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता. “जिना उतरत होते. तुला माहिती आहे केवढा अरुंद आहे. तिथे कुणीतरी भिंतीला अंग चोरून मला वाट करून दिली.”

“ठके …”

“ऐक. दिसलं काही नाही. पण आपण गर्दीतून जातो तेव्हा कळतं ना, कुणी बाजूला झालं की? तसं. मी पुढची पायरी उतरले, तिथे दुसरं कुणी बाजूला झालं. मग आणखी एक. वहिनी, पार खालपर्यंत सगळा जिना भरलेला होता. आणि सगळे अगदी अदबीने वाट देत होते.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघीही दचकल्या.

“त्यात हे …?”

“माहीत नाही. मी वळून बघितलं नाही. मधल्या वळणावर डाव्या कानाशी ऊब लागली एवढं खरं.” तिने वहिनींकडे बघितलं. ऊब लागल्याचं वहिनींनी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आत्ताही त्या काही बोलल्या नाहीत. “मी थांबले नाही. फाटकाला कुलूप लावलं आणि गाडीत बसून रडले. मग वाटलं, काय करतेय मी? मेलेल्याने काय सांगितलं ते शोधत फिरतेय, आणि जिवंतपणी तो काय बोलला ते जिला माहीत आहे तिच्याशी अबोला धरलाय.”

ठकीने खुर्ची ओढली आणि टेबलापाशी नीट बसली, बराच वेळ थांबायचं असल्यासारखी.

“मी तुला माफबिफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “ते बघू पुढे. पण अठ्ठावन्न दिवस मला सांग. एकेक. तो काय बोलला, काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपायचा, माझं नाव काढलं तेव्हा चेहरा कसा होता, सगळं.”

“सगळं आठवेलच असं नाही.”

“आठवेल तेवढं सांग.”

वहिनींनी डोळे मिटले. दवाखान्यातली ती खाट, हिरवा पडदा, दिवे लागायची वेळ. “पहिल्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “खिडकीजवळची खाट मिळाली नाही म्हणून भांडले. आभाळ दिसत नाही म्हणाले. नर्सने शेवटी खाट फिरवून दिली.”

ठकी हसली आणि तिने डोळे पुसले. “आणि मग?”

त्या संध्याकाळी बारा दिवस सांगून झाले. तेराव्याला वहिनींचा घसा बसला, मग ठकीने उठून चहा केला.

टेप त्यांनी पुन्हा लावली नाही. मास्तरांच्या अहवालात सहाव्या जागेपुढे सहा पूर्णांक दोन असा आकडा छापून आला, बाकी आठ जागांपुढे ढग. एका आकड्यावरून दगडाचा आकार काही कळला नाही. पण तो दगड होता आणि तिथून गेला, एवढं नक्की झालं, आणि त्यावर मास्तर समाधानी होते.

थंडी सरताना त्यांचा पुन्हा फोन आला. वेगळा दगड, वेगळा तारा, या वेळी चार सेकंद. वहिनी येणार का?

“येते की,” वहिनी म्हणाल्या. “पण जागा दुसरी द्या. एखादं मोकळं मैदान बघा. जिनाबिना नको.”

“दोन माणसं येणार म्हणून लिहा,” ठकी स्वयंपाकघरातून ओरडली.